फुगलेल्या भिंतीचा जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर: कुठून उघडायचा, कुठून बांधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेतावर ४ पावसाळे उभा राहिलेला १४ फुटी कॅरॅव्हॅन ट्रेलर भंगाराच्या भावात मिळाला आहे. दाराजवळ आतली जमीन पायाखाली दबते, खिडकीखाली भिंत पोटासारखी बाहेर आली आहे, छताला दोन जागी डाग आहेत आणि कपाटामागं वाळवीची माती दिसते. नंबर कोल्हापूरचा, एमएच ०९. आतलं सगळं उपटून नवं प्लाय मारलं तर चालेल का, आणि पुढच्या मे महिन्यात चोर्ला घाटातून गोव्याला नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

नुसतं प्लाय बदलून चालणार नाही. दबणारी जमीन, फुगलेली भिंत आणि छताचे डाग हे तुम्हाला तीन बिघाड वाटतात, पण ती एकाच पाण्याची वाट आहे. या ट्रेलरची भिंत म्हणजे साधारण दीड बाय एक इंची रिपांचा सांगाडा, बाहेरून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून ४ मिमी प्लाय आणि मधे थर्माकोल नाहीतर काचेची लोकर. छत आणि भिंत मिळतात तिथली पट्टी स्क्रूनं बसवलेली असते. तिच्याखालचं सीलंट (फट बुजवणारा चिकट मसाला) वाळून भेगाळतं आणि पाणी आत शिरतं. पत्र्याच्या आतल्या अंगानं उतरून ते खिडकीखालच्या आडव्या रिपेवर थांबतं आणि शेवटी जमिनीच्या कडेत मुरतं. म्हणून वर नुसता डाग दिसतो आणि कुजतं ते खाली. तुमची भिंत फुगली आहे, म्हणजे ती आडवी रीप गेलेली आहे आणि तेवढ्या जागेत ट्रेलरला फक्त पत्र्यानं धरून ठेवलंय. त्यावर आतून नवं प्लाय ठोकलं तर ते ठोकणार कशाला?

वाचवायचा की नाही हे मात्र लाकडावर ठरत नाही. लाकूड सगळं बदलता येतं. ठरतं ते चेसिस, अ‍ॅक्सल आणि कागद या तीन गोष्टींवर, म्हणून आत हात घालण्याआधी या तीन बघा.

कागद आधी. आर.सी. बुकावरचा चेसिस नंबर ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांड्यावर ठोकलेला असतो, तो शोधा. सापडला की त्यावर ग्रीस लावून टेप मारा, कारण गंज घासताना ग्राइंडरखाली हाच नंबर सर्वात आधी जातो आणि एकदा गेला की तपासणीच्या वेळी हातात काही उरत नाही. दुसऱ्या राज्यातलं वाहन १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं कर्नाटकात ठेवायचं तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ नुसार नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी जिथली नोंदणी आहे तिथून नमुना २८ वर ना-हरकत आणायची आणि इकडं बेळगावच्या आर.टी.ओ.ला, म्हणजे केए २२ ला, अर्ज करायचा. कलम ५२ ही लक्षात ठेवा: आर.सी.त नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. लांबी, रुंदी, अ‍ॅक्सलची संख्या जशी आहे तशीच ठेवा. मूळ मालकाची सही मिळत नसेल तर ट्रेलर शेतावरची खोली म्हणून वापरा, रस्त्याचं नाव काढू नका.

आता चेसिस. ट्रेलर सपाट जागी घ्या, चाकं उचला आणि चारी कोपऱ्यांना आधार द्या. जॅकखाली चिरा ठेवू नका, आपल्याकडच्या जांभ्याचा भाराखाली चुरा होतो. पोकळ सिमेंट ब्लॉक तर कुठलीही पूर्वसूचना न देता फुटतो. जाड लोखंडी पत्रा आणि त्यावर स्टँड, एवढंच करा. मग तारेच्या ब्रशनं दोन जागा स्वच्छ करा: पुढचा त्रिकोण पहिल्या आडव्या चॅनेलला जिथे जोडलाय ती, आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे वेल्ड केलेत ती. भेग डोळ्यांना दिसत नाही. त्या जागेला रॉकेल लावा, १५ मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या आणि वर खडूची पूड चोळा. भेग असेल तर तिच्यात बसलेलं रॉकेल पुडीत झिरपून केसासारखी काळी रेघ उमटते. रेघेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडायचं, मग खाच करून वेल्ड मारायचं आणि वर पट्टी द्यायची. पट्टीची टोकं चौकोनी ठेवू नका, तिरपी कापा. चौकोनी टोकाला नवी भेग तिथूनच सुरू होते. बॉक्स सेक्शन असेल तर खालच्या अंगाला हातोडीनं ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतून गंजलेलं आहे. हातोडी आत गेली तर तेवढा तुकडा कापून नवा घाला. दोन्ही मुख्य दांडे अशा अवस्थेत असतील तर चेसिस सोडून द्या.

अ‍ॅक्सलबाबत एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आपल्याकडं प्रत्येक गावात उसाच्या ट्रॉल्या बांधणारा फॅब्रिकेटर आहे आणि त्याचा वेल्डिंगचा हात चांगला असतो. चेसिसची दुरुस्ती त्याच्याकडून खुशाल करून घ्या. पण ‘जुना अ‍ॅक्सल काढून टाका, ट्रॉलीचा घालतो’ असं तो म्हणाला तर ऐकू नका. ट्रॉली ट्रॅक्टरच्या चालीनं चालते. तिला बहुतेक वेळा ना पाटे असतात ना ब्रेक. ताशी ६० नं चालणाऱ्या गाडीमागं तोच अ‍ॅक्सल लावला तर प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ भिंतींच्या सांध्यांत जातो आणि घाट उतरताना थांबवणारं काही राहत नाही. मूळ अ‍ॅक्सल सरळ असेल तर बेरिंग, ऑइल सील, ब्रेक लायनर, पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट नवे घाला. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नसतात. पाट्यांऐवजी रबराचा टॉर्शन अ‍ॅक्सल निघाला तर त्याच्या नळीवर वेल्डिंग अजिबात नको, आतलं रबर जळतं. टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१७ म्हणजे २०१७ च्या २३ व्या आठवड्यातला. ६-७ वर्षांपुढचा आणि उन्हात उभा राहिलेला टायर नक्षी शाबूत असली तरी बदला.

एवढं पार पडलं तर ट्रेलर वाचवण्यासारखा आहे. मग काम कधी करायचं हे ठरवा, कारण खानापूर भागात हाच अर्धा निर्णय आहे. जून ते सप्टेंबर तिथं लाकूड वाळतच नाही, आणि ओल्या लाकडावर मारलेला रंग किंवा इपॉक्सी ओल आत कोंडून ठेवतं. दिवाळीनंतर उघडा, गुढीपाडव्यापर्यंत पत्रा बंद करा. त्यापुढं वळवाचा भरवसा नाही, आणि मृग लागायच्या आत रंग पुरा झाला पाहिजे. तोवर वर ताडपत्री घालाल तर ती ट्रेलरला गुंडाळू नका. बांबूवर ताणून चारी बाजूंनी दीड-दोन फूट खालून मोकळी ठेवा, नाहीतर आतली वाफ रात्री थंड पत्र्यावर जमून पुन्हा लाकडातच जाते. वाळवी जमिनीतून चढते, म्हणून ट्रेलरला टेकलेलं गवत, माती, लाकडी ओंडके आधी दूर करा.

उपटायला सुरुवात करण्याआधी पोतं शिवायचं दाभण घ्या आणि प्रत्येक रीप दर ६ इंचांवर टोचत जा. चांगल्या लाकडात दाभण टोकानं अडतं, ओढून काढावं लागतं. कुजलेल्यात ते शिळ्या भाकरीत जावं तसं जातं आणि काढताना टोकाला तपकिरी भुसा येतो. खडूनं फुल्या मारा. शेवटी फुल्यांचा नकाशा बघितला की पाण्याची वाट आपोआप दिसते: वर एखादीच फुली, खाली रांग. जमिनीपासून वरचे दोन फूट सोडून बाकी सांगाडा धड असेल तर बाहेरचा पत्रा न काढता आतून काम होतं आणि तेच बरं, कारण पत्रा साच्यासारखा आकार धरून ठेवतो. छताच्या कडेच्या रिपाही गेल्या असतील तर पत्रा उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, दाराची बाजू पूर्ण उघडावी लागेल आणि दुसरी आतून निभेल.

सगळ्यात जास्त ट्रेलर या टप्प्यावर बिघडतात. माणूस उत्साहानं दोन दिवसांत आतलं सगळं उपटून बाहेर टाकतो, आणि तिसऱ्या दिवशी दार लागत नाही. कपाटं, पलंगाची पेटी, मधली आडभिंत हे सगळं या ट्रेलरला ताठ ठेवतं. ते निघालं की ट्रेलरची सगळी पेटी झोल खाते आणि त्याच झोल खाल्लेल्या मापावर नवं लाकूड बसवलं जातं. म्हणून एका वेळी अर्धा ट्रेलर. फर्निचर काढण्याआधी पुढं, मधे आणि मागं अशा तीन ठिकाणी कोपरा ते कोपरा दोन्ही कर्ण मोजून फळीवर लिहून ठेवा. दोन्हींत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जॅकनं तो आधी काढा. मग प्रत्येक भिंतीला दोन तिरपे आणि भिंत ते भिंत तीन आडवे आधार स्क्रूनं मारा, त्यानंतरच कपाटाला हात लावा. निघालेलं एकही प्लाय, कितीही कुजलेलं असो, टाकू नका. छताचा गोलवा आणि चाकावरची कमान यांचा तोच फर्मा. प्रत्येकावर मार्करनं ‘डावी, पुढची, वरची बाजू’ असं लिहा. काचेची लोकर आणि उंदरांची घाण काढताना आधी पाण्याचा हलका फवारा मारा, चांगला मास्क बांधा आणि झाडू चालवू नका.

जमीन. भिंती जमिनीच्या कडेवर उभ्या असतात, त्यामुळं कड बदलायची म्हणजे भिंत उचलायची. आतून दोन फूट उंचीवर ३ बाय २ ची फळी उभ्या रिपांना बोल्टनं आडवी आवळा, तिच्याखाली दोन स्क्रू जॅक लावा आणि भिंत १० ते १५ मिमीच उचला. कुजलेली कड चार-चार फुटांच्या टप्प्यात कापा, नवं प्लाय सरकवा, भिंत टेकवा, मग पुढचा टप्पा. खालची जमीन उघडी असतानाच वेल्डिंगची उरलेली कामं उरका, कारण फोम आणि प्लाय बसल्यावर एक ठिणगी पुरते. चेसिसला घासून इपॉक्सी प्रायमर आणि दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्या. नुसता रेड ऑक्साइड मारून सोडू नका, तो प्रायमर आहे, त्याच्यातून ओल जाते.

प्लाय आय.एस. ७१० चं मरीन घ्या. १९ मिमीचं मागणं ही दुकानदाराची सवय असते, पण ८ बाय ४ चा १९ मिमी ताव ४० किलोच्या आसपास भरतो आणि १२ मिमीचा २५ च्या. तुम्हाला १४ बाय साडेसहा फुटांसाठी ४ ताव लागतील, म्हणजे ६० किलोचा फरक. खालचे आडवे आधार १२ इंचांवर घेतले तर १२ मिमी पुरतं. मरीन प्लायसुद्धा कापलेल्या कडेतून पाणी पितं, म्हणून प्रत्येक कड आणि प्रत्येक बोल्टचं भोक इपॉक्सीनं दोनदा भिजवा. पहिला हात पूर्ण शोषला जातो, दुसऱ्यानं चकाकी आली की पुरे. खालून डांबर फासून पत्रा ठोकण्याची पद्धत आहे, ती करू नका. वरून एक पेला पाणी सांडलं तरी त्याला जायला वाट राहत नाही. खालून साधा चांगला रंग द्या, म्हणजे हवा लागते आणि गळती लवकर दिसते.

सांगाड्याला आपल्याकडं सुकलेला साग मिळतो, तो घ्या. आंब्याच्या रिपा स्वस्त म्हणून घेऊ नका. जिथे रिपेचं एकच टोक कुजलंय तिथे पूर्ण रीप न बदलता तिरपा सांधा करा: १ इंच जाडीला ८ इंच उतार, इपॉक्सी लावून शिकंज्यात एक रात्र. आखूड सांधा रस्त्याच्या हादऱ्यानं सुटतो. वाळवीसाठी १० लिटर कोमट पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून नव्या-जुन्या सगळ्या लाकडाला दोनदा पाजा, पुरतं वाळू द्या आणि वर सीलर मारा, कारण बोरॅक्स पाण्यानं धुऊन निघतं. तांब्याचं हिरवट औषध पाजलेलं लाकूड मात्र इथं नको. ओल आली की त्यातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आतून खातं.

पत्रा काढला असेल तर लावताना लोखंडी स्क्रू परत वापरू नका. जुन्या स्क्रूभोवती जी पांढरी पूड दिसते ती याच जोडीनं पत्रा खाल्ल्याची. सांगाड्यात स्टेनलेस स्क्रू, आणि पत्र्याला पत्रा जोडताना बंद तोंडाचे अ‍ॅल्युमिनियम रिबिट घ्या. साध्या पॉप रिबिटच्या मधल्या भोकातून पाणी झिरपतं. चेसिसचं लोखंड आणि पत्रा जिथे टेकतात तिथे मधे टेप किंवा रबर हवं. छत सपाट करू नका, मधल्या रिपांवर निमुळत्या पट्ट्या ठेवून २० ते २५ मिमीचा उंचवटा द्या, म्हणजे पाणी उभं राहत नाही.

सीलंटबाबत माझं मत ठाम आहे: छतावर सिलिकॉन नको. ते अ‍ॅल्युमिनियमवरून काही वर्षांत कडेनं सुटतं आणि त्याच्या उरलेल्या थरावर ना रंग बसतो ना दुसरं सीलंट. आधीच्यानं मारलेलं असेल तर खरवडून पूर्ण काढा. पट्टी, खिडकी, व्हेंट या प्रत्येकाच्या खाली २ ते ३ मिमी जाड ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घाला. दुपारच्या उन्हात लावा, थंडीतल्या सकाळी तो ताठ असतो. स्क्रू हलके आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा आणि बाहेर आलेला टेप लाकडी पाचरीनं काढा, चाकूनं पत्र्यावर ओरखडा जातो. त्यावर कडेला पीयू सीलंटची रेघ. खिडकीला ही रेघ वर आणि दोन्ही बाजूंना द्या, खाली देऊ नका. चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं.

आत काहीही बसवायच्या आधी पाण्याची परीक्षा घ्या. एकानं विजेरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं नळी धरायची. खालून सुरू करा, प्रत्येक पट्ट्यावर १० मिनिटं, मग वर सरका. वरून सुरू केलं तर सगळीकडूनच पाणी उतरतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. थेंब दिसला की बाहेर नव्हे, आतून पेन्सिलीनं खूण करा. दोन दिवसांनी तीच फेरी पुन्हा. दोन्ही फेऱ्या कोरड्या गेल्या तरच वायर, मग २५ मिमीची एक्स.पी.एस. (थर्माकोलसारख्या घट्ट) फोमची पाटी, मग ४ मिमी प्लाय. काचेची लोकर परत घालू नका, ती पाणी धरून बसते.

विजेचं थोडक्यात. २३० व्होल्टच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि चेसिसला अर्थिंग, यात तडजोड नाही, कारण बाहेरून पत्रा आहे आणि ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस त्याला हात लावणार. १२ व्होल्टला वायर जाड लागते: १० अँपिअर ५ मीटरवर न्यायचे तर २.५ चौ.मिमीमध्ये जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट पडतो, ६ चौ.मिमी घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. गॅसची ५ किलोची टाकी आतून बंद, तळाला बाहेर उघडणारं भोक असलेल्या पेटीत ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खालूनच बाहेर गेला पाहिजे.

आणि गोवा. फर्निचर बसल्यावर ट्रेलर वजनकाट्यावर न्या. एकदा तो गाडीपासून सोडून, पुढच्या टेकूच्या चाकासह पूर्ण काट्यावर उभा करा. दुसऱ्यांदा फक्त मागची चाकं काट्यावर आणि टेकूचं चाक बाहेर. दोन्हींतला फरक म्हणजे टेकूवरचा भार. गाडीच्या हुकवर जवळपास तेवढाच येतो. तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. कमी असेल तर ट्रेलर मागून शेपटीसारखा डुलतो. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, ती अ‍ॅक्सलच्या थोडी पुढं घ्या, शेवटच्या भिंतीला लावू नका. एकूण वजन तुमच्या गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेत बसतं का, ते गाडीच्या पुस्तकात बघा.

पहिली फेरी चोर्ल्याची करू नका. बेळगाव ते संकेश्वर राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून रिकामा ट्रेलर न्या. २५ किलोमीटरवर थांबून दोन्ही चाकांच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, तळहात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक चिकटतोय. एकच बाजू तापली असेल तर बहुधा ब्रेकच. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा, नवे बोल्ट पहिल्या फेरीत बसतात आणि ढिले होतात. परत आल्यावर आत जाऊन कर्ण पुन्हा मोजा आणि फळीवरच्या आकड्यांशी ताडा. आकडे तेच राहिले, तर जांबोटी-कणकुंबीमार्गे मे महिन्यात निघायला हरकत नाही. घाटात पहिला-दुसरा गिअर ठेवा, आणि उतार लागण्याआधी एकदा थांबून ट्रेलरचा ब्रेक दोन्ही चाकांना सारखा लागतोय का ते बघून घ्या.